बाजारातलं नवीन हेड बसवण्याआधी : ओम्नी-८०० चं इंजिन घरी बांधणाऱ्यांसाठी

पहिलं इंजिन बांधायला कुठलं घ्यावं असं विचारणाऱ्या पोरांना मी मारुती ८०० किंवा ओम्नीचं सांगतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व, वर एकच कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा). दोघांनी उचलून बाकड्यावर ठेवता येतं. बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत हे इंजिन कधी उघडलंच नाही असा मिस्त्री शोधूनही सापडायचा नाही. ८०० बनायची २०१४ मध्ये थांबली, ओम्नी २०१९ मध्ये. तरी वडापला (खासगी प्रवासी वाहतुकीला) झिजलेल्या ओम्न्या अजून गावोगाव शेडात उभ्या आहेत, आणि त्यांची इंजिनं स्वस्तात सुटतात.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा खालचा भाग, सहसा वाचतो. जातं ते हेड, म्हणजे त्यावर बसणारं व्हॉल्व असलेलं ॲल्युमिनियमचं झाकण. पाणी संपलेलं कळत नाही, इंजिन तापतं, हेड वाकतं, दोन व्हॉल्वच्या मधे चीर जाते. कंपनीचं हेड मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही, म्हणून दुकानदार बाहेरच्या बनावटीचं नवीन हेड पुढे सरकवतो. ते पेटीतून काढून थेट बसवलं तरी गाडी चालते. पण ते स्वस्त असतं कारण शेवटची मेहनत त्यात घातलेली नसते. पोर्टमधे (हवा आत-बाहेर जायच्या वाटांमधे) ओतकामाचा काठ तसाच, सीट (व्हॉल्व टेकतो ती रिंग) जेमतेम गोल, तीन चेंबर (पिस्टनवरच्या, मिश्रण जळायच्या जागा) तीन मापांचे. ही राहिलेली मेहनत घरी कशी घालायची, एवढंच इथे सांगतो.

आधीच एक सांगून ठेवतो. हेडवर काम म्हणजे पोर्ट मोठे करणं असं समजून बहुतेक जण ग्राइंडर हातात घेतात. नवख्याने आधी व्हॉल्व पक्के बसतात का ते बघावं, मग तिन्ही सिलिंडर सारखे करावेत, मग सफाई. मोठं काहीच करू नये. खालचं सगळं कार्ब्युरेटरच्या सहा व्हॉल्वच्या इंजिनाला धरून आहे. बारा व्हॉल्वचं इंजेक्शनवालं हेड वेगळं प्रकरण आहे.

घेताना काय बघायचं

दुकानात जुनं हेड आणि नवीन हेड पॅकिंग दोन्ही घेऊन जा. पॅकिंग नव्या हेडवर ठेवा आणि पाण्याची, तेलाची, बोल्टची सगळी भोकं एकेक करून जुळवा. एखादं पाण्याचं भोक निम्मं झाकलं जात असेल तर ते हेड परत द्या. तिथेच पुढे वाफ धरते.

मग ओतकाम बघा. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे, होनग्याच्या फाउंड्रीत कोअर शॉपला काम केलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला चहा पाजून सोबत न्या. त्याची नजर आपल्यापेक्षा दहापट चांगली असते. तो पहिल्यांदा बघेल ते कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, सरकलाय का. एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी भिंतीची जाडी वर-खाली सारखी आहे का? सीटची रिंग पोर्टच्या मधोमध बसलीय की एका बाजूला पोर्टची कड आत डोकावतेय? तिन्ही सिलिंडरला तोच फरक त्याच बाजूला दिसला तर कोअर सरकलेला आहे असं धरा. थोडा फरक घासून जमतो. पण भिंत एका बाजूला पातळ झाली असेल तर तिच्या पलीकडे पाण्याची पोकळी आहे हे विसरू नका.

हेड उलटं धरून लाकडी दांडक्याने हलकेच ठोका. कागदावर वाळू पडली तर नवल नाही, कोअरची वाळू आत राहते. टॉर्च मारून बघा. चिकटलेले खडे दिसले तर ते तारेने सुटतील का, हे घरी नेण्याआधी ठरवा.

कागदांचंही इथेच उरकू. त्याच मापाचं हेड दुरुस्ती म्हणून बदलायला अडचण नाही, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. पण अख्खं इंजिन बदललं तर ते आरसीवर नोंदवावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडे कोल्हापूरच्या भंगारातून एमएच ०९ च्या गाडीचं इंजिन आणून केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) च्या गाडीत बसवणं सर्रास चालतं. तसं करणार असाल तर इंजिन नंबर लिहिलेलं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचा माल निघाला तर दोन राज्यांच्या पोलिसांपुढे उभं राहावं लागतं.

धुणं, आणि कॉस्टिकची टाकी

बऱ्याच रिबोअरिंगवाल्यांकडे ब्लॉक धुवायला गरम कॉस्टिक सोड्याची टाकी असते. लोखंडी ब्लॉकला ती उत्तम. ॲल्युमिनियमचं हेड त्यात गेलं तर संपलं, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. बेळगावात हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना विरघळवून काढायला हाच सोडा वापरतात, यावरून त्याची ताकद लक्षात घ्या. हेड बाहेर द्याल तेव्हा "ॲल्युमिनियम आहे, टाकीत टाकू नका" असं खडूने वरच लिहा. पोऱ्या सगळं एकाच क्रेनला लावतो.

घरी डिझेल आणि ब्रश, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग कॉम्प्रेसरची हवा. बाटली धुवायचे लांब ब्रश पोर्टमधे आणि गाईडमधे, म्हणजे व्हॉल्वचा दांडा सरकतो त्या नळीत, छान जातात.

मापं

एक वही घ्या आणि जुन्या हेडची मापंही त्यात लिहा, तुलना करायला उपयोगी पडतात. खरी सरळ पट्टी हवी, शाळेची स्टीलची पट्टी चालत नाही. ती हेडच्या तळावर लांबीला दोन कडांनी, मधून, आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज सरकवा. ०.०५ मिमीचं, म्हणजे दोन थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पातं कुठेही शिरत असेल तर फेसिंग, म्हणजे तळ मशीनवर सपाट करणं, लागणार. मॅनिफोल्ड (हवा आणणारे आणि धूर नेणारे नळ) बसतात त्या बाजूही तशाच तपासा. तिथे कुणी बघत नाही, आणि मग इनटेकला हवा ओढत राहते.

या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमधल्या भोकांतच फिरतो, वेगळे बेअरिंग नाहीत. म्हणून रिकाम्या हेडमधे कॅमला तेल लावून तो आत सरकवा आणि बोटांनी फिरवा. तो सगळीकडे सारखा फिरायला हवा. एका जागी जड होत असेल तर भोकं एका रेषेत नाहीत. जुनं तापून वाकलेलं हेड वापरायचा मोह झाला तर हीच परीक्षा घ्या. तळाला फेसिंग मारून तो सपाट होतो, पण वर कॅमची रेषा वाकलेलीच राहते, आणि कॅम अडकून बेल्ट तुटायची तयारी तिथूनच सुरू होते.

सीटची रिंग हलत नाही ना, हेही आत्ताच. पितळी दांडीने हलकं टिचकून बघा. पक्क्या रिंगेचा आवाज खणखणीत येतो. बद्द आवाज आला किंवा कडेने तेल झिरपताना दिसलं तर ते हेड मशीनवाल्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चालू इंजिनात सीट निसटली तर पिस्टनही जातो.

आधी गाईड

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: गाईड, मग पोर्ट, मग सीट, मग चेंबर, मग फेसिंग. सीट कापायच्या कटरची दांडी गाईडमधे बसते. गाईड सैल असेल तर कटर डोलतो आणि सीट गाईडच्या मध्याला धरून कापली जात नाही. पोर्ट सीटच्या आधी करायचे, कारण ग्राइंडरचा बर कधीतरी सटकतोच, आणि सीटवर पडलेला ओरखडा नंतर कापताना निघून जातो. उलट क्रमाने केलं की तयार सीटवर ओरखडा बसतो आणि सीटचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

व्हॉल्वच्या दांड्याला पातळ तेल लावून तो गाईडमधे घाला, साधारण सेंटीमीटरभर उचला आणि डोकं बाजूला हलवून बघा. डायल गेज असेल तर उत्तमच. इनटेकला ०.०२ ते ०.०५ मिमीपर्यंत मोकळीक ठीक. एक्झॉस्टला त्याहून किंचित जास्त हवी, तो तापून फुगतो. बाजारातल्या नव्या हेडमधे उलटा दोषही दिसतो, गाईड घट्ट. थंड असताना व्हॉल्व नीट सरकतो, तापल्यावर अडकतो. यावर रीमर फिरवणं हे मशीनवाल्याचं काम. ड्रिलने किंवा गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने गाईड मोठं करू नका, भोक लंबगोल होतं.

पोर्ट : जेवढं कमी तेवढं बरं

बेळगावात वयाने मोठ्या टर्नरला पोर्टबद्दल विचारा, तो हातातलं काम न थांबवता म्हणेल, "काढलेलं परत लावता येतंय काय?" एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

हत्यारं: वेग कमी-जास्त करता येणारा स्ट्रेट ग्राइंडर, लांब दांडीचा मोठ्या दातांचा कार्बाइड बर आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरचे रोल. लोखंडासाठीचा बारीक दातांचा बर ॲल्युमिनियममधे मिनिटात भरून जातो. मोठ्या दातांचाही भरतोच, म्हणून दर थोड्या वेळाने फिरता बर न पेटवलेल्या मेणबत्तीवर टेकवा, दातांना मेण लागू द्या. डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क, बाही दुमडलेली. फिरत्या बराशी कापडी हातमोजे घालू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, म्हणून तिथेच शेजारी लोखंड घासून ठिणग्या उडवायच्या नाहीत. प्रत्येक सीटवर एक जुना, टाकाऊ व्हॉल्व ठेवून ती झाका.

आता मॅनिफोल्डचं पॅकिंग हेडच्या स्टडवर बसवा. पोर्टच्या तोंडाभोवती मार्करने निळं करा आणि पॅकिंगच्या आतल्या कडेने सुईने रेघ ओढा. तसंच मॅनिफोल्डच्या बाजूलाही. दोन्हीकडे पॅकिंग एकाच जागी बसतं का हे बघा, बहुतेक वेळा बसत नाही आणि स्टडच्या भोकात ते मिलिमीटरभर हलतं. आधी त्याची जागा पक्की करा.

नियम एवढाच की वाहत्या वायूसमोर पायरी उभी राहू नये. इनटेकला वायू मॅनिफोल्डकडून हेडमधे येतो, म्हणून हेडचं तोंड मॅनिफोल्डपेक्षा किंचित मोठं चालेल, लहान चालणार नाही. एक्झॉस्टला बरोबर उलटं, मॅनिफोल्ड मोठा चालेल. रेघेपर्यंत घासा आणि ती घासाई पंधरा-वीस मिमी आत नेऊन मूळ भिंतीत मिसळून टाका. त्याच्या आत पोर्टचा आकार बदलायचा नाही.

दुसरी जागा सीटच्या लगेच खाली. तिथे लोखंडी रिंग संपते आणि ॲल्युमिनियम सुरू होतं. आत बोट घालून फिरवा, स्वस्त हेडमधे तिथे नखाला लागेल अशी कड असते. व्हॉल्व उघडल्यावर सगळी हवा त्याच चिंचोळ्या जागेतून वळते, म्हणून तेवढी एक कड काढल्याचा फायदा अख्खा पोर्ट चकचकीत केल्याहून जास्त होतो. मात्र खालच्या बाजूला जिथे पोर्ट आतून वळतो तो उंचवटा टोकदार करू नका आणि खणूही नका. हवा तिथे भिंतीला धरून वळते, वळण तीव्र केलं की ती भिंत सोडते. शिवाय तिथेच पलीकडे पाणी असतं. गाईडभोवतीचा ॲल्युमिनियमचा फुगा गोलसर करा, कापून टाकू नका. गाईडला आधार त्याचाच.

इनटेक चकचकीत करायचा हट्ट सोडा. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल थेंबांनी येतं, गुळगुळीत भिंतीवरून ते धारेने खाली वाहतं. ८० नंबरचा खरखरीतपणा ठेवा. एक्झॉस्ट मात्र बारीक कागदाने घासलात तर काजळी कमी धरते.

पोर्ट मोठे का नाही करायचे? कारण या इंजिनाला ओढ हवी ती खालच्या आरपीएमवर. भरलेली ओम्नी तवंदी घाट चढते तेव्हा इंजिन अडीच-तीन हजारावर असतं. पोर्ट मोठा केला की त्याच हवेचा वेग कमी होतो, सिलिंडर नीट भरत नाही, आणि जी गाडी तिसऱ्यात चढायची ती दुसऱ्यात चढते. वरचे आरपीएम वापरायचे तर कॅम, कार्ब्युरेटर, सायलेन्सर सगळंच बदलावं लागतं, आणि तो खर्च या इंजिनावर करण्यासारखा नाही.

सीट

हे काम बाहेर द्या. उद्यमबागेत सीट कटिंग, फेस ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग करणारी दुकानं आहेत, आणि निपाणीकडच्यांना कोल्हापूरची शिरोली किंवा गोकुळ शिरगाव जवळ पडतं. पण देताना "सीट मारून द्या" एवढंच म्हणू नका. चिठ्ठीवर लिहून द्या: बसायचा कोन ४५ अंश, वरून ३०, खालून ६०. बसायच्या पट्टीची रुंदी साधारण १.३ ते १.५ मिमी. इनटेकला पट्टी अरुंद चालेल, एक्झॉस्टला नको. एक्झॉस्ट व्हॉल्वची उष्णता बहुतेक त्या पट्टीतूनच हेडमधे आणि पुढे पाण्यात जाते, पट्टी पातळ केली की व्हॉल्व जळतो. कापताना कमीत कमी कापायला सांगा. सीट खोल गेली की व्हॉल्वचं टोक वर येतं, रॉकरचा (कॅमची हालचाल व्हॉल्वला देणाऱ्या हाताचा) कोन बिघडतो आणि स्प्रिंग सैल पडते.

परत आणल्यावर घरी तपासा. व्हॉल्वच्या फेसवर (सीटला टेकणाऱ्या कडेवर) प्रशियन ब्लू, म्हणजे खुणेची निळी पेस्ट, बोटाने अगदी पातळ लावा, व्हॉल्व सीटवर टेकवून पाव फेरा फिरवा आणि उचला. सीटवर निळी रेघ पूर्ण गोल, सारख्या रुंदीची आणि व्हॉल्वच्या फेसच्या साधारण मधोमध उमटायला हवी. एका बाजूला तुटली असेल तर काम परत पाठवा, लाजू नका.

मग लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व सीटवर घासून बसवणं. बारीक पेस्ट, रबरी कपची काठी, तळहातांमधे मागे-पुढे. थोड्या थोड्या वेळाने व्हॉल्व उचलून नव्या जागी टेकवायचा. सुरुवातीचा करकर आवाज मऊ झाला की थांबा. फेसवर करडी, मॅट, अखंड पट्टी दिसली म्हणजे काम झालं. लॅपिंगने वाकडी सीट सरळ होत नाही. तासभर घासत बसलात तर फेसला खाच पडते आणि दिसायला सगळं छान दिसतं. कुठला व्हॉल्व कुठल्या सीटचा याच्या खुणा करून ठेवा.

शेवटी स्प्रिंगा आणि प्लग लावा, हेड उलटं करा, चेंबरमधे थिनर ओता आणि पाच मिनिटं पोर्टमधे बघत बसा. ओल दिसली तर तो व्हॉल्व पुन्हा. या वेळी आसपास बिडी-सिगरेट नको.

चेंबर मोजणं

नवख्यांनी कंटाळून सोडून देण्याचं हे काम, आणि मला सगळ्यात आवडणारं. कॉलेजच्या प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानात ५० मिलीची ब्युरेट मिळते. काचेसारख्या जाड ॲक्रिलिकचा एक तुकडा घ्या, त्याला कडेला लहान भोक पाडा. व्हॉल्व आणि प्लग लावलेलं हेड किंचित तिरपं ठेवा, चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन तुकडा दाबून बसवा, भोक सगळ्यात उंच बाजूला. ब्युरेटमधून रंग घातलेलं पाणी सोडा. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा वाचा. तिन्ही चेंबरचे आकडे लिहा, मग सगळं पुसून पुन्हा मोजा. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तर ग्रीसखालून पाणी जातंय.

तिघांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर सगळ्यात मोठा चेंबर ठरवायचा आणि बाकीचे दोन घासून त्याच्या मापाला आणायचे. घासायचं ते व्हॉल्वभोवतीच्या भिंतीवर आणि ओतकामाच्या गाठींवर. पिस्टनसमोरचा सपाट भाग सोडून द्या, तिथे मिश्रण दाबून बाहेर ढकललं जातं आणि ज्वलन नीट होतं. प्लगच्या भोकापाशी आत आलेली आट्याची कड किंवा टोक मात्र नक्की गोल करा. ती तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते.

आता हिशेब. बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचं २६५.३ सीसी. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.८ ला एक धरलं तर पिस्टन वर असताना उरलेली जागा २६५.३ भागिले ७.८, म्हणजे ३४ सीसी. या ३४ मधे हेडचा चेंबर, पॅकिंगची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरची जागा सगळं आलं. यातला एक सीसी कमी झाला की कॉम्प्रेशन ९.० च्या जरा वर जातं, दोन कमी झाले की ९.३. बाहेरच्या हेडचा चेंबर जुन्यापेक्षा मोठा निघाला तर तुमचं इंजिन त्याच हिशेबाने मऊ होणार. नवीन हेड बसवल्यावर "गाडी पूर्वीसारखी ओढत नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते, कार्ब्युरेटरमधून नाही.

फेसिंग

किती फेसिंग मारायची ते वरच्या हिशेबातून काढा. चेंबरचं तोंड आलेखाच्या कागदावर उमटवून चौरस मोजा. समजा २८ चौ. सेमी आले, तर ०.२५ मिमी, म्हणजे दहा थाऊ काढल्यावर ०.७ सीसी कमी होतो. हेड सपाट असेल आणि चेंबर बरोबर असतील तर फेसिंग मारूच नका. मारायचीच तर कॉम्प्रेशन ९.० ते ९.२ च्या आसपास आलं की थांबा. मशीनवाल्याला "साफ करून द्या" म्हटलं तर तो त्याला बरं दिसेपर्यंत काढतो, म्हणून आकडा लिहून द्या. हेड खाली आल्याने कॅम थोडा मागे पडतो. दहा थाऊला ते जाणवण्याइतकं नसतं, तीस-चाळीस थाऊला जाणवतं.

स्प्रिंग आणि शेवटचं धुणं

सहाही स्प्रिंगा सपाट काचेवर शेजारी उभ्या करा, उंचीतला फरक आणि तिरकेपणा लगेच दिसतो. बसवल्यावरची उंची व्हर्नियरने मोजा, जास्त असेल तिथे खाली शिम (पातळ चकती) घाला. व्हॉल्व सील नवीनच.

मग हेड पुन्हा पूर्ण धुवा. तेलाच्या वाटा पातळ तारेने आणि हवेने, दोन्ही बाजूंनी. ॲल्युमिनियमचा एक कण कॅमच्या भोकात अडकला तर आतापर्यंतची सगळी मेहनत फुकट.

बसवणं

ब्लॉकमधली बोल्टची भोकं सुकी करा. तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट कसला तर ते दबून ब्लॉकला चीर पाडतं. पॅकिंग नवीन आणि कोरडं, वर खाली काही फासायचं नाही. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा घ्या, शेजारच्या गॅरेजवाल्याच्या मनगटाचा नको.

हेड पक्कं करायच्या आधी एकदा कच्चं बसवून बघा. पहिल्या पिस्टनच्या माथ्यावर लहान मुलांच्या खेळण्यातली क्ले लावा, हेड आणि बेल्ट लावून, टॅपेटची (व्हॉल्वच्या टोकाशी ठेवायची) फट लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड काढा आणि क्ले सुरीने कापून जाडी मोजा. सगळ्यात पातळ जागी इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच मिमी उरली की निश्चिंत. कमी असेल तर पुढे जाऊ नका.

टायमिंगच्या खुणा जुळवून, बेल्ट लावून पुन्हा दोन फेरे हातानेच. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, कारण शोधायचं. फायरिंग ऑर्डर १-३-२.

चालू करताना

प्लग काढून स्टार्टर मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. याच वेळी कॉम्प्रेशन गेजने तिन्ही सिलिंडरचा दाब घ्या, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून. तिघांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमधे चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा पॅकिंग.

सुरू झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा जाऊ द्या, पंखा लागेपर्यंत गाडीपाशी थांबा. टॅपेट थंड झाल्यावर पुन्हा तपासा. आताच्या पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांमधे ते बनतं, पण जुन्या कार्ब्युरेटरचे रबर आणि पाइप त्यासाठी बनलेले नाहीत, ते बदलून घ्या. मिश्रण थोडं कोरडं पडतं, म्हणून प्लग काढून रंग बघत जा. पांढरट दिसला तर जेट एक नंबर मोठा.

इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) लावताना बेळगावच्या उंचीचा विचार करा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहोत, इथे हवेचा दाब खालच्यापेक्षा आठेक टक्के कमी. इथे कॉम्प्रेशन वाढवलेलं इंजिन टायमिंग पुढे घेऊनही गप्प चालतं. तीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात म्हापशाला गेली, की उन्हात पहिल्या चढावर पत्र्यावर खिळे सांडल्यासारखा आवाज सुरू होतो. तो आवाज ऐकत गाडी पळवली तर पिस्टनचा माथा जातो. म्हणून गोव्याला जाणारी गाडी असेल तर बेळगावात मिळणाऱ्या सगळ्यात चांगल्या टायमिंगपेक्षा दोन अंश मागेच ठेवा, आणि जुनं हेड पहिली सर्व्हिस होईपर्यंत भंगारात देऊ नका.